बर्डीवरचा निखारा : एक रसपरीक्षण

साहित्यचर्चेस वाहिलेल्या मासिकात एका उपाहारगृहाचे परीक्षण यावे, ही गोष्ट काही वाचकांस खटकेल ह्याची मला जाणीव आहे. ग्रंथाचे परीक्षण करावे, नाटकाचे करावे, फार तर एखाद्या चित्रप्रदर्शनाचे करावे. परंतु भाजलेल्या मांसाच्या बशीसमोर बसून गुणदोषांची चिकित्सा करणे प्राध्यापकाच्या वयास व पेशास शोभत नाही, असा आक्षेप प्रथम माझ्या घरातूनच निघाला. त्यास माझे उत्तर एवढेच की, ह्या बाबतीत पहिला अपराधी मी नव्हे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावून देताना जो दृष्टान्त घेतला, तो पाकशाळेतला आहे. नाना व्यंजनांच्या संयोगाने जशी अन्नाला गोडी येते आणि सुमनस माणूस ती चाखून हर्ष पावतो, तसेच नाट्याचे, असे ते सांगतात. ज्या शास्त्राने आपली मूळ संज्ञाच स्वयंपाकघरातून उसनी घेतली, त्याच्या अभ्यासकांनी ती काही काळापुरती तिकडे परत नेली तर बिघडले कोठे? आपल्याकडे पाककृतींच्या पुस्तकांचा तुटवडा नाही. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली निघाले आणि कमलाबाई ओगले ह्यांची ‘रुचिरा’ १९७० पासून घरोघरी नांदत आहे. पदार्थ कसा करावा, हे ह्या पुस्तकांनी उत्तम सांगितले. परंतु परक्या माणसाने पैसे घेऊन आपल्यापुढे ठेवलेला पदार्थ पारखावा कसा, त्याची बरीवाईट जात ओळखावी कशी, ह्याविषयी आपल्या भाषेत गंभीरपणे फारच थोडे लिहिले जाते. ‘छान होते’ आणि ‘तिखट होते’ ह्या दोन वाक्यांत आपली टीका आटोपते.

प्रसंग असा घडला. गेल्या हिवाळ्यात झाशी राणी चौकातील विदर्भ साहित्य संघाच्या वास्तूतून एक व्याख्यान ऐकून मी बाहेर पडलो. व्याख्यान अभिरुचीवर होते व ते काहीसे लांबले होते. रस्ता ओलांडताना वाऱ्याबरोबर निखाऱ्यावर तेल पडल्याचा वास आला आणि सोबतच्या एका तरुण सहकाऱ्याने मला अक्षरशः हाताला धरून एका नव्या ‘बार्बेक्यू’गृहात नेले. त्या घराचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशी घरे आता आपल्या शहरात एकाहून अधिक झाली आहेत आणि मला बोलावयाचे आहे ते त्या जातीविषयी.

बर्डीचे अलीकडचे दिवस ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. सीताबर्डी हे नागपूरकरांचे नाक. १८१७ च्या नोव्हेंबरात ह्याच टेकड्यांवर भोसल्यांचे सैन्य व इंग्रज ह्यांची लढाई झाली आणि पुढे टेकडीच्या पायथ्याशी जो बाजार वाढला तो शंभराहून अधिक वर्षे शहराचा मुख्य बाजार म्हणून मिरवला. आमच्या लहानपणी ‘बर्डीवर जाणे’ हा स्वतंत्र क्रियापदाचा प्रकार होता. त्यात कापड घेणे, पुस्तक पाहणे, चहा पिणे आणि ओळखीचे चार लोक भेटणे हे सारे येई. पुढे मध्यमवर्ग धरमपेठेकडे आणि वर्धा रस्त्याकडे सरकला, वाहने वाढली, उभे राहावयास जागा उरली नाही आणि वरून मेट्रोच्या कामासाठी काही वर्षे सगळा भाग पत्र्यांच्या कुंपणाआड गेला. ७ मार्च २०१९ रोजी खापरीपासून बर्डीपर्यंतच्या मार्गाचे उद्घाटन झाले, ११ डिसेंबर २०२२ रोजी उरलेले दोन फाटेही खुले झाले. आता दोन्ही मार्ग एकमेकांस छेदतात ते बर्डीच्याच स्थानकावर. हिंगण्याकडचा विद्यार्थी आणि कामठी रस्त्यावरचा कारकून आता एकाच जिन्याने येथे उतरतात, आणि उतरलेल्या माणसाला भूक लागते. जुन्या दुकानांच्या माड्यांवर नवी उपाहारगृहे निघाली आहेत ती ह्या साध्या कारणाने.

आता त्या घराकडे वळू. प्रथम डोळ्यांत भरते ती मांडणी. भिंतींचा गिलावा मुद्दाम काढून विटा उघड्या ठेवल्या आहेत. छतास लोखंडी कप्प्या व साखळ्या. दिवे काचेच्या बरण्यांत. आणि एका भिंतीवर, हे पाहून मी क्षणभर थबकलो, सुतगिरणीतील लाकडी कांड्यांची रांगच्या रांग खिळ्यांना टांगलेली. बाहेरच्या पाटीवर देवनागरी अक्षरे ठळक आहेत, कारण २०२२ पासूनचा कायदा तसे करावयास लावतो. आतील पदार्थपत्रिकेत मात्र कायदा शिरत नसल्याने एकही मराठी शब्द शिरलेला नाही. दर्शनी बाजूस मोठी काच असून तिच्यामागे भट्टी आहे. ती काच हाच ह्या घराचा प्राण होय. गिऱ्हाइकाला ज्वाला दिसावी, तिचा चटका मात्र लागू नये, अशी ही योजना.

ह्या थाटाचा उगम मुंबईकडचा आहे. २००६ साली तेथे ‘बार्बेक्यू नेशन’ ह्या साखळीचे पहिले घर निघाले आणि जेवणाऱ्याच्या टेबलाच्या मधोमध पेटती शेगडी बसविण्याची टूम तिने देशभर नेली. गिऱ्हाईक स्वतःच सळई फिरवतो आणि आपण काही शिजवले, असा त्यास आनंद होतो. प्रस्तुत घराने तो खेळ केलेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. येथे भाजणारा माणूस भाजतो आणि खाणारा खातो. श्रमविभागाचे हे जुने तत्त्व मला अधिक प्रामाणिक वाटते.

पदार्थांविषयी. पहिल्या संध्याकाळी आम्ही कोंबडीच्या सळया, धुरावर ठेवलेली तंगडी, बोकडाच्या बरगड्या, मक्याचे कणीस, पनीर आणि वांगे एवढे मागविले. सळयांवरची कोंबडी उत्तम होती. बाहेरून किंचित करपट, आतून ओलसर, मीठ बेताचे आणि मसाला मांसाला झाकून टाकणारा नसून मांसाला वाट करून देणारा. भट्टीपाशी उभा असलेला विशी-बाविशीचा मुलगा सळई फिरविताना डोळ्यांपेक्षा कानावर भिस्त ठेवीत होता. चरबी निखाऱ्यावर पडल्याचा आवाज बदलला की त्याचा हात आपोआप पुढे होई. असा कारागीर ज्या घरात आहे, त्या घराला मी सहजासहजी वाईट म्हणणार नाही. कणीसही चांगले होते, परंतु तेच कणीस पावसाळ्यात फुटाळ्याच्या काठी निंबूमीठ चोळून मिळते आणि त्यास काच लागत नाही.

बरगड्या मात्र फसल्या, आणि त्या का फसल्या हे नीट पाहण्यासारखे आहे. ‘बार्बेक्यू’ हा शब्द मूळ कॅरिबियन बेटांतील तायनो लोकांचा. काठ्यांची चौकट उभारून तिच्यावर मासे-मांस ठेवून खालून मंद विस्तव करावयाचा, ही त्यांची रीत. तिचे नाव स्पॅनिश लोकांनी ‘बार्बाकोआ’ असे उचलले आणि इंग्रजीने ते आपल्या जिभेस सोसेल असे करून घेतले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत ह्या रीतीचे शास्त्र झाले. ते शास्त्र घडविले मुख्यतः गुलामगिरीतल्या काळ्या लोकांच्या हातांनी; रात्रभर खड्ड्यापाशी बसून विस्तव राखण्याचे काम त्यांचे, आणि मेजवानी मालकाची. पुढे टेक्सास प्रांतात जर्मन व चेक खाटिकांनी आपली धुरावण्याची विद्या तीत मिसळली. ह्या साऱ्या पद्धतीचे मर्म एकच आहे : जनावराचा जो भाग कठीण, चिवट व म्हणून स्वस्त, तो शंभर ते सव्वाशे अंशांच्या मंद उष्णतेत दहा-दहा, बारा-बारा तास ठेवावयाचा. तेवढ्या अवधीत मांसातील चिवट तंतू विरघळून त्यांचा मऊ रस होतो आणि लाकडाचा धूर आतपर्यंत पोचतो. म्हणजे मूळचा बार्बेक्यू हा वेळेचा पदार्थ आहे, ज्वालेचा नव्हे. आमच्या बर्डीच्या घरात बरगड्या पाऊण तासात आल्या. वरचा थर लाल, चिकट व गोड. आतले मांस दातांशी भांडणारे. वर ओतलेला रस कॅन्सास शहराकडच्या चालीचा, टोमॅटो आणि काकवीच्या वळणाचा होता. गोड रसाचा उपयोग तेथे बारा तासांच्या धुराला थोडी उतार देण्यासाठी होतो. जेथे धूरच नाही, तेथे तो रस म्हणजे नायिकेवाचून रंगविलेले तिचे अलंकार! तंगडीला धूर होता खरा, परंतु तो वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडून दिलेल्या धुंगाराचा. धुंगार ही आपली जुनी व सुंदर युक्ती आहे. डाळीला, भरताला, ताकाला ती शोभते. तिला बारा तासांच्या तपश्चर्येचे सोंग देऊ नये.

तरीही मी स्वयंपाक्यास पूर्ण दोष देत नाही. अमेरिकेतल्या ह्या विद्येचे मुख्य द्रव्य म्हणजे डुकराचे वा गाईचे चरबीदार मांस. ती दोन्ही येथे येणे नाही. आपला बोकड लहान, काटक, चरबीला कंजूष. त्याला बारा तास कोरड्या उष्णतेत ठेवाल तर चामडे हाती येईल. म्हणून ह्या घरातील जे जे यशस्वी आहे, ते सारे झटपट व तीव्र आचेवरचे, म्हणजे वस्तुतः कबाबाच्या कुळातले आहे. नाव बार्बेक्यूचे आणि कर्म कबाबाचे. क्षेमेंद्राने काव्यात औचित्य शोधले ते असेच शोधले असते : शब्द आणि वस्तू ह्यांचे लग्न लागले आहे की नुसता साखरपुडाच झाला आहे?

येथे एका मोहापासून मी वाचकांस सावध करू इच्छितो. परकी वस्तू दिसली की ‘हे तर आमच्याकडे पूर्वीच होते’ असे म्हणण्याची आपणा सुशिक्षितांस खोड आहे, आणि ह्या बाबतीत पुरावाही हाताशी आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात विदूषक मृगयेला कंटाळून जी गाऱ्हाणी मांडतो, त्यांत वेळी-अवेळी मुख्यतः शुलावर भाजलेले मांसच खावे लागते हे एक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांस भाजण्याच्या प्रकारांचे एवढे तपशीलवार वर्णन आहे की, आजच्या आचाऱ्याने त्यावरून दुकान थाटावे. परंतु ह्याने सिद्ध काय होते? विस्तवावर मांस भाजणे हा कोणाही एका राष्ट्राचा शोध नव्हे. चार्ल्स लॅमने १८२२ साली भाजलेल्या डुकरावर जो विनोदी निबंध लिहिला, त्यात एका चिनी पोराच्या हातून झोपडी जळते आणि भाजल्या डुकराची चव मनुष्यजातीला प्रथम कळते. मग ती चव पुन्हा मिळावी म्हणून जो तो आपले घर जाळीत सुटतो, अशी थट्टा आहे. विलायती शिक्षणाच्या काळात हा निबंध आम्हांस केवळ शैलीसाठी शिकविला गेला. आता बर्डीच्या त्या कांड्यांच्या भिंतीसमोर बसलो असता तो मला निराळाच आठवू लागला.

कारण विदर्भाला स्वतःचा निखारा आहे, आणि तो सोमेश्वराच्या पोथीतला नसून चालू आहे. ज्याने रोडगे खाल्ले नाहीत, त्याने आमच्या प्रांताची चव घेतली असे म्हणू नये. कणीक जाडसर दळलेली हवी. घट्ट मळून, लाटून, तेल लावून पदर घालावयाचे व त्याचा हातात मावेल एवढा गोळा वळावयाचा. मग शेतात वा देवस्थानापाशी गोवऱ्यांचा आर पेटवून, ज्वाला पूर्ण बसू देऊन, त्या लालभडक राखेत हे गोळे पुरावयाचे. ज्वाला असताना घालील तो अडाणी. बाहेरून कोळसा व आतून पीठ त्याच्या नशिबी येते. अर्धापाऊण तासाने गोळा काठीने बाहेर ओढून फडक्यावर आपटावा, राख झटकावी, फोडून त्यात तूप जिरवावे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीशी खावा. माझ्या आजोळी हे काम घरातील बायका करीत नसत. गावातील चार वृद्ध पुरुष आराभोवती उकिडवे बसत व आपसांत अत्यंत गंभीरपणे वाद घालीत की आता काढावे की अजून थांबावे. पुढे विद्यापीठाच्या अनेक सभांना मी बसलो. इतका जबाबदारीने चाललेला वाद मी तेथे क्वचितच ऐकला. पळसाच्या पानांत थापून भाजलेले पानगे, पऱ्हाटीवर वा तुराटीवर अख्खे भाजलेले वांगे, आगटीतला हुरडा, हे सगळे त्याच कुळातले. हुरड्याची गोष्ट आता अवघड होत चालली आहे, कारण सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीची वावरे खाल्ली. जो हुरडा पूर्वी शेतावर आलेल्या पाहुण्यास फुकट मिळे, तो आता तिकीट लावून खावा लागतो. त्याची तक्रार मी करीत नाही. ज्वारी पेरणाऱ्यास त्यातून चार पैसे मिळत असतील तर मिळोत.

आणि मग शहरातला निखारा. नागपूरच्या खाद्यकीर्तीचे दोन खांब आहेत आणि दोन्ही विणकरांनी उभारले आहेत, ह्या योगायोगाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मोमिनपुरा हा मुसलमान विणकरांचा मोहल्ला. रमजानच्या रात्री तेथे सीख कबाबांचा जो धूर उठतो, त्याच्यापुढे बर्डीच्या काचेमागील धूर म्हणजे अगरबत्ती होय. दुसरा खांब सावजींचा. ‘सावजी’ हे हलबा कोष्टी समाजातील आदरार्थी संबोधन. इतवारी, महाल, गोळीबार चौक ह्या भागांत हा समाज हातमागावर नागपुरी लुगडी विणीत असे. १८६७ साली रेल्वे नागपुरास पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे सूत व गिरणीचे कापड, आणि पुढे यंत्रमाग, ह्यांनी हातमागाचा श्वास हळूहळू कोंडला. ज्या घरांतील माग थांबले, त्यांतील कित्येक घरांनी चूल पुढे आणली. दर्शनी खोलीत दोन बाके टाकून घरचेच मटण, खूर, सुंदरी, खिमा आणि ज्यास मांस चालत नाही त्याच्यासाठी पाटवडीचा रस्सा विकावयास सुरुवात झाली. जवसाचे तेल, दगडफूल, खसखस, मिरे, लवंग ह्यांचे ते काळसर वाटण आणि सोबत ज्वारीची भाकरी. त्याच्या तिखटाची ख्याती एवढी झाली की लोक त्याचे रसिक न होता शर्यतखोर झाले. डोळ्यांतून किती पाणी आले हे सांगणे म्हणजेच सावजीची प्रशंसा, असे होऊन बसले. ही त्या पाककलेची मोठीच हानी आहे. चांगल्या सावजी रश्श्यात तिखट हे पहिल्या घासालाच भेटते व मग बाजूस होते. त्यामागून भाजलेल्या खसखशीचा व दगडफुलाचा जो खोल, किंचित मातकट स्वाद येतो, तो ओळखावयास दोन जेवणे खर्चावी लागतात.

गिरणी तरी कोठे टिकली? २००२ साली एम्प्रेस मिल कायमची बंद पडली आणि तिच्या जागेवर ‘एम्प्रेस’ हेच नाव मिरविणारे व्यापारसंकुल उभे राहिले. हातमाग गिरणीने खाल्ला, गिरणी बाजाराने खाल्ली आणि आता गिरणीच्या कांड्या बर्डीच्या भिंतीवर शोभेसाठी टांगल्या आहेत. ज्याच्या घरातील कोणी त्या कांड्या बदलता बदलता म्हातारा झाला, असा गिऱ्हाईक त्या भिंतीखाली बसत असेल काय? मालकाला ह्यात काही दुष्ट हेतू असेल असे मी म्हणत नाही. हा थाट अमेरिकेतील जुन्या कारखान्यांत निघालेल्या उपाहारगृहांवरून आलेला दिसतो, आणि चित्र पाहून चित्र काढणाऱ्यास मूळ मनुष्य ठाऊक असण्याचे कारण नसते. तरी ते मला खुपले.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर हे परीक्षण एकांगी होईल. आम्हां पांढरपेशा घरांनी सावजीशी जो व्यवहार ठेवला, तो मुळीच भूषणावह नाही. माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या वाड्यातील तरुण सावजीकडे जात, परंतु जात ते सायकल दूरच्या गल्लीत लावून. परतताना तोंडात बडीशेप नव्हे तर कडुनिंबाची काडी असे. ज्या अन्नाला आम्ही चोरून दाद दिली, त्याला उघडपणे ‘तसले जेवण’ म्हटले. तेथे स्त्रिया क्वचितच बसत, आणि ते केवळ त्या जागेच्या दोषामुळे नव्हे; त्यांना तेथे नेण्याची आमची छाती नव्हती. ह्याउलट बर्डीच्या ह्या नव्या घरात मी काय पाहिले? शेजारच्या टेबलावर आजी, सून व दोन नाती बसल्या होत्या. आजी पनीर खात होत्या, सून कोंबडी खात होती, आणि कोणीही कोणाकडून काही लपवीत नव्हते. हा लहान बदल नव्हे. मांसाहार आणि कुटुंबाची अब्रू ह्यांचे एका मेजावर जमावे, ह्यासाठी आमच्या पिढीला काय काय सोसावे लागले ते आम्हीच जाणतो. नव्या घराने ते सहज करून दाखविले, आणि त्याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे.

परंतु प्रश्न उरतोच, आणि ह्या लेखाचे खरे निमित्त तोच आहे. ही प्रतिष्ठा त्या भाजलेल्या मांसाला का मिळाली? ते अधिक स्वच्छ आहे म्हणून? असेल. अधिक रुचकर आहे म्हणून? बरगड्यांनी ते खोटे पाडले. मला भय वाटते की, ते नाव आमच्या ओळखीच्या कोणत्याही गल्लीचे नाही, म्हणून ते आम्हांस चालते. ‘सावजी’ म्हटले की एक जात, एक मोहल्ला, एक बोली डोळ्यांपुढे येते. ‘सीख’ म्हटले की दुसरा मोहल्ला येतो. ‘बार्बेक्यू’ म्हटले की कोणीच येत नाही. ज्या काळ्या माणसाने तो शब्द निखाऱ्यापाशी रात्री जागून कमावला, तो दूर सातासमुद्रांपलीकडे राहिला; आपणांस त्याचे तोंड पाहावे लागत नाही. फाळणीनंतर पेशावरच्या बाजूने आलेल्या निर्वासितांनी १९४७ साली दिल्लीच्या दर्यागंजात ‘मोती महल’ काढले आणि तंदुरी कोंबडी हिंदुस्थानच्या गळी उतरविली, तेव्हा निदान ती कोणाची हे सर्वांस ठाऊक होते. ती खाताना त्यांचे दुःख कोणी आठवीत असेल असे नाही, पण नाव तरी पुसले गेले नव्हते.

ह्यावर माझा तरुण सहकारी म्हणाला की, मी एका साध्या जेवणावर फार मोठे ओझे लादतो आहे. तरुण मंडळी मेट्रोतून उतरतात, चार घास खातात, त्यांस ह्या वंशावळीशी काय कर्तव्य? त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. बर्डी पुन्हा गजबजली आहे, रात्री नऊ वाजता तेथे दिवे आहेत, मुली निर्भयपणे हिंडत आहेत, आणि हे सारे अशाच घरांच्या जोरावर झाले आहे. पण गजबज कोणाची, हेही पाहावे लागते. ज्या रस्त्यावर हे घर आहे, त्याच रस्त्यावरच्या हातगाडीवाल्यांस कधी बसू देतात, कधी उठवितात. कणीस भाजणारी बाई आज ह्या कोपऱ्यावर तर उद्या त्या. तिच्या शेगडीला काच नाही, म्हणून ती अडथळा ठरते.

महिन्याभराने मी पुन्हा तेथे गेलो. ह्या खेपेस सौभाग्यवती सोबत होत्या व त्यांनी सळयांवरच्या कोंबडीस माझ्याहून अधिक गुण दिले. बरगड्या पत्रिकेतून गेल्या होत्या. स्वयंपाकघरात कोणीतरी शहाणे माणूस असल्याची ती खूण समजावयास हरकत नाही. निघताना मी भट्टीपाशी जाऊन त्या मुलाशी बोललो. तो तांडापेठेकडचा. सळईची विद्या कोठे शिकलास, म्हणून विचारले तर म्हणाला, येथेच, दोन वर्षांत. घरी मात्र आजी पाट्यावर वाटण करते, ते त्याला अजून जमत नाही. मी त्याला म्हटले, तुमच्याकडे विस्तव इतका चांगला आहे, मग वांग्याच्या चकत्या का कापता? अख्खे वांगे निखाऱ्यात ठेवा, सोलून वर जवसाचे तेल व कच्चा लसूण घाला. बर्डीवर असे भरीत कोणाला मिळणार नाही. तो हसला.

“अख्खं वांगं ठेवलं तं अर्धा घंटा जाते, सर. गिऱ्हाईक थांबत नाही.”

मी थांबेन, म्हणून सांगितले. त्याने मालकाच्या गल्ल्याकडे एकवार पाहिले आणि पुढच्या खेपेला आधी फोन करून या, म्हणाला. मी दोनदा फोन केला आहे. वांगे अद्याप चकत्या होऊनच येते.